काही महिन्यांची भाषा

मराठी वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक मजकुराचे तीन शब्दांवाचून चालत नाही, असे आमचे निरीक्षण आहे : रामबाण, संजीवनी आणि क्रांती. यांपैकी पहिला शब्द शीर्षकात मिरवणारे एक कात्रण आमच्या समोर आहे. विषय आहे मेंदूच्या कर्करोगावर नॅनोतंतूंतून जागच्या जागी औषध देण्याच्या संशोधनाचा. मजकूर जेमतेम आठ-नऊ वाक्यांचा. पहिल्या वाक्यात ‘दुर्धर रोगावर विजय’ आहे, मधल्या वाक्यांत ‘शास्त्रज्ञांची कमाल’ आहे, आणि हे सारे उंदरांवर झाले ही माहिती शेवटून दुसऱ्या वाक्यात, ओझरती आली आहे.

हे कात्रण आमच्याकडे आणले ते द्वितीय वर्ष कला शाखेतील एका विद्यार्थिनीने. आम्ही दोघे पनवेल परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि राहतो बेलपाड्याला. तीही बेलपाड्याचीच, जुन्या गावठाणातली. तिचे वडील रिक्षा चालवीत. उजव्या हाताची पकड सैल होऊ लागली, मग ओळखीच्या वस्तूंची नावे आठवेनाशी झाली; तपासणीत मेंदूच्या डाव्या बाजूस गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि अहवालावर ‘ग्लिओब्लास्टोमा, श्रेणी ४’ असे लिहून आले. मुलीने कात्रण टेबलावर ठेवून विचारले, “मॅडम, हे औषध आपल्याकडे मिळतं का? बाबांना कुठे न्यायचं असेल तर सांगा.” आम्ही कात्रण वाचले, तिच्याकडे पाहिले आणि म्हणालो, “होईल गं सगळं नीट.”

या वाक्याची लाज आम्हांला आजही वाटते. आम्ही खोटे बोललो, एवढेच त्याचे कारण नाही. भाषेवर पोट भरणाऱ्या दोन माणसांना त्या क्षणी मराठीत दुसरे वाक्यच सुचले नाही, ही खरी लाजेची बाब. एका बाजूला ‘रामबाण’, दुसऱ्या बाजूला ‘आता देवाच्या हातात’. यांच्या मधल्या विस्तीर्ण प्रदेशात उभे राहून बोलण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. प्रस्तुत लेखाचा विषय तो मधला प्रदेशच आहे. त्यासाठी आधी हे तंतू काय आहेत आणि त्यांच्याकडून काय अपेक्षिता येते, हे नीट समजून घ्यावे लागेल. आम्ही विज्ञानाचे नव्हेत. परंतु त्यानंतरच्या काही महिन्यांत जे वाचले, ज्यांना विचारले, त्यांतून जे पक्के कळले तेवढेच येथे मांडतो.

मेंदूवर औषध चालविणे अवघड का, याचे उत्तर शोधताना १८८५ पर्यंत मागे जावे लागते. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश याने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सारे अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा राहिला. पुढे १९१३ साली त्याचाच शिष्य एडविन गोल्डमान याने रंग रक्ताऐवजी मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती इतरत्र असतात तशा सच्छिद्र नाहीत. त्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात आणि रक्तातले फार थोडे पदार्थ त्या आत जाऊ देतात. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. हा अडसर आपल्या रक्षणासाठी आहे, आणि आजारपणात तोच औषधाला दाराबाहेर थोपवितो. गंमत अशी की मेंदूतील बहुतेक पेशींपासून जवळची रक्तवाहिनी केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर असते. औषध इतक्या जवळून वाहत जाते, पण पोहोचत नाही.

ग्लिओब्लास्टोमावर आज सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे टेमोझोलोमाइड. ते अडसर ओलांडू शकणाऱ्या मोजक्या औषधांपैकी आहे. तरीही रक्तात जेवढे असते त्याच्या सुमारे एक-पंचमांशच मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरते, आणि दोनएक तासांत रक्तातील त्याची मात्रा निम्म्यावर येते. म्हणून ते पुनःपुन्हा द्यावे लागते आणि त्याचा भार साऱ्या शरीराला, विशेषतः रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला सोसावा लागतो. मारुतीची गोष्ट येथे अनायास आठवते. हवी होती चार पाने. ओळख पटेना म्हणून अख्खा द्रोणागिरी उचलून आणावा लागला. तोंडावाटे वा शिरेवाटे मेंदूसाठी दिलेले औषध हे असे पर्वत वाहणे आहे. ‘संजीवनी’ शब्दाचा सोस असलेल्या आमच्या पत्रकार मित्रांनी या गोष्टीचा हा भाग ध्यानात घेतला असता, तर विषय त्यांना शीर्षकातच समजावता आला असता.

मग चार पानेच नेऊन जागेवर का ठेवू नयेत? दुखेल तेथे लेप लावावा, ही कल्पना आपल्या आजीलाही ठाऊक होती. कवटीच्या आत लेप लावण्याची ही कल्पना अमेरिकेत हेन्री ब्रेम आणि रॉबर्ट लँगर यांनी प्रत्यक्षात आणली. गाठ काढल्यावर मेंदूत जी पोकळी उरते, तिच्या भिंतींना औषधाने भरलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या चकत्या लावून ठेवायच्या. औषध कार्मुस्टिन, प्रत्येक चकतीत ७.७ मिलिग्रॅम, आणि अशा जास्तीत जास्त ८ चकत्या. ग्लायाडेल या नावाने तिला अमेरिकेत १९९६ साली, गाठ उलटलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. २००३ साली ती नव्याने निदान झालेल्यांनाही लागू झाली. म्हणजे ‘जागच्या जागी औषध’ ही काल-परवाची कमाल नव्हे. तिला आता तीन दशके होत आली आहेत.

या चकत्यांनी काय साधले? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ उलटलेल्या २२२ रुग्णांपैकी ज्यांना औषधाची चकती बसवली त्यांचे आयुर्मान मध्यकाने ३१ आठवडे भरले, नुसत्या चकतीवाल्यांचे २३ आठवडे. २००३ च्या चाचणीत २४० नव्या रुग्णांमध्ये हेच आकडे १३.९ आणि ११.६ महिने असे होते. जखम नीट न भरणे, मेंदूला सूज, जंतुसंसर्ग या तक्रारीही होत्या. चकती ताठ; पोकळी मात्र वेडीवाकडी. औषध दोन-तीन आठवड्यांत बरेचसे संपून जाते आणि भिंतीपासून काही मिलिमीटरच आत झिरपते. लेप खरा, पण पातळ आणि लवकर वाळणारा.

नॅनोतंतूंचे महत्त्व येथे सुरू होते. कृती ऐकायला सूतकताईसारखी आहे. पॉलिमरच्या द्रावणात औषध मिसळतात आणि ते बारीक सुईतून हजारो व्होल्टच्या विद्युत्‌दाबाखाली सोडतात. धार हवेत ताणली जाते, द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर केसाच्या शंभर-दोनशे पट बारीक धाग्यांची जाळी बसते. या कृतीवरील पहिली एकस्वे १९०२ इतकी जुनी आहेत. पॉलिमर तेच, ज्यांच्या जातकुळीतून शस्त्रक्रियेचे विरघळणारे टाके तयार होतात. जाळी कापडासारखी लवचीक, म्हणून पोकळीच्या भिंतीवर नीट बसू शकते. आणि धाग्याचे द्रव्य बदलले की औषध सुटण्याचा वेगही बदलतो.

कोचीच्या अमृता विश्व विद्यापीठमच्या नॅनोविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेले काम या वेगाच्या हिशेबावरच उभे आहे. त्यांनी तीन पॉलिमरांच्या निरनिराळ्या मिश्रणांचे, टेमोझोलोमाइड भरलेले तंतू एकाच चकतीत विणले : काही लवकर विरघळणारे, काही उशिरा. एकाचा पहारा संपत आला की दुसऱ्याचा सुरू. अशा रीतीने उंदरांच्या मेंदूत महिनाभर औषध जवळजवळ एका गतीने सुटत राहिले आणि गाठीपाशी असलेली मात्रा रक्तातील मात्रेच्या सुमारे हजारपट भरली. महिनाभर औषध देणारी चकती ज्यांना बसवली, त्यांपैकी ८५.७ टक्के उंदीर चार महिन्यांहून अधिक जगले. जी चकती सात दिवसांतच रिती झाली, तिच्या गटात ५४.६ टक्के उंदरांत गाठ परत आली. औषध तेच, जागा तीच. फरक पडला तो ते किती दिवस देत राहिले याचा. आमच्या मते या संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि कात्रणात नेमकी तीच नव्हती.

तंतूंचा याहून वेगळा उपयोगही कोणी केला आहे. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी मेंदूतील मज्जातंतूंच्या वाटांनी सरपटत पसरतात. रवी बेल्लमकोंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत, २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका दिशेने मांडलेल्या नॅनोतंतूंची खोटी वाट उंदरांच्या मेंदूत रचली आणि गाठीच्या पेशींना त्या वाटेने मेंदूबाहेर, विषारी औषध भरलेल्या जेलकडे काढून नेले. शत्रूला त्याच्याच सवयीने फसवण्याची ही युक्ती वाचून आम्ही थक्क झालो. पण तीही उंदरांतलीच.

आता दुसरी बाजू. १९२८ साली वॉल्टर डँडी या शल्यविशारदाने अशा गाठी असलेल्या रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोलच काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. रोग तरीही उरलेल्या बाजूस उगवला. निदानाच्या दिवशीच काही पेशी दूर निघून गेलेल्या असतात. बहुसंख्य रुग्णांत गाठ मूळ जागेच्या दोन सेंटिमीटरच्या आतच परतते, म्हणून लेपाला अर्थ आहे. पण काही मिलिमीटर झिरपणाऱ्या लेपाला हे दोन सेंटिमीटरही लांब पडतात. माणसाचा मेंदू उंदराच्या मेंदूच्या शेकडो पट मोठा. उंदरात जी चकती गाठीला पुरून उरते ती माणसात एका कोपऱ्यापुरती होते. मेंदूच्या गाठीसाठी माणसांत वापरण्यास मान्यता मिळालेली नॅनोतंतूंची चकती आज बाजारात नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच होते.

एवढेच? आमचा खरा मुद्दा येथून पुढे आहे. चकतीने दोन महिने आणि काही दिवस वाढले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीत, किरणोपचाराला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर आयुर्मानाचा मध्यक १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला, आणि जगभरची उपचारपद्धती बदलली. म्हणजे अडीच महिने. ‘रामबाण’ वाचून आलेल्या माणसाला हा आकडा सांगा, तो म्हणेल, “बस? अडीच महिने?” बाणाची भाषा एकदा स्वीकारली की लक्ष्य एक तर विंधले जाते, नाही तर नेम चुकतो, महिन्यांना तेथे जागा नसते. या रोगावरील गेल्या तीन दशकांचे सारे यश महिन्यांत मोजले गेले आहे. ते सांगणारी भाषा नसेल, तर आपण त्या यशाला फसवणूक तरी म्हणू, नाही तर चमत्कार तरी.

शिवाय या महिन्यांचा अर्थही नीट सांगावा लागतो. मध्यक १४.६ महिने याचा अर्थ निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले. त्याच चाचणीत दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले होते. मध्यक ही शिक्षेची तारीख नव्हे. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड याला १९८२ साली एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले, त्याचा मध्यक आठ महिने. त्याने १९८५ साली या मध्यकाच्या चुकीच्या वाचनावर निबंध लिहिला आणि तो २००२ पर्यंत जगला. असा निबंध आपल्याकडील शाळकरी मुलाच्या हाती मराठीत का पडू नये? संख्याशास्त्राच्या तासाला मध्यक काढायला आपण शिकवतो. तो आपल्या घरच्या माणसाला लागू झाला की काय म्हणायचे, ते शिकवत नाही.

त्या मुलीचे वडील शस्त्रक्रियेनंतर तेरा महिने जगले. मध्यकाच्या अलीकडेच. त्या महिन्यांत त्यांनी रिक्षाचे परमिट थोरल्या मुलाच्या नावे करण्याचे कागद पुरे केले, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा भावाभावांतील जुना वाद मिटवला, मुलीला परीक्षेला सोडायला मुलाच्या रिक्षात मागे बसून आले. शब्द एकेक करून जात होते. ‘चावी’, ‘पाणी’, ‘चप्पल’ ही सारी नावे गळून त्यांच्या जागी ‘ते’ उरले. मुलगी सांगे, “सर, आम्हांला आता ‘ते’ म्हणजे काय ते कळतं.” आमच्या हिशेबी त्या घराने त्या काळात जी भाषा घडवली, तिच्यापुढे आमचे पदव्युत्तर मराठी थिटे होते. अडीच महिने म्हणजे काय, हे ज्यांना विचारायचे त्यांनी त्या घरी जाऊन विचारावे. त्यांतला एक महिना शब्द शाबूत असताना मिळाला असता तर तो त्यांनी कशाला वापरला असता, याची यादी त्यांच्या घरात कोणीही देईल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आशा लावणाऱ्या शब्दांशी आमचे वैर कशाला? बुडत्याला काडीचा आधार. मान्य, पण या काडीची किंमत कोणीतरी मोजत असते. ‘रामबाण’ शोधत गाठीशी असलेले विकून गावोगाव फिरणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. हाती होते ते महिने त्यांनी रेल्वेत आणि प्रतीक्षागृहांत घालवले. खोट्या आशेने खरा वेळ खाल्ला. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : जेथे तंबाखूने तोंडाचे कर्करोग घरोघर होतात, तेथे तुलनेने विरळ अशा गाठीच्या दोन महिन्यांसाठी इतका पैसा आणि बुद्धी का खर्चावी? प्रश्न रास्त आहे आणि तंबाखूविरुद्धचे काम आधी व्हावे याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु जागच्या जागी, ठरावीक गतीने, ठरावीक दिवस औषध देण्याची विद्या एका गाठीपुरती राहत नाही. आणि विरळ रोगाचा रुग्ण आपल्या घरात मात्र शंभर टक्के असतो.

बेलपाड्यापासून रिक्षाच्या अंतरावर, खारघरमध्येच, टाटा स्मारक केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. तिचे मूळ १९५२ साली परळला वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या कर्करोग संशोधन केंद्रात आहे. येथे २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार मिळू लागले. रक्ताच्या काही कर्करोगांवरील कार-टी ही उपचारपद्धती पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून घडवली. २०२३ साली तिला मान्यता मिळाली आणि परदेशातील किमतीच्या सुमारे एक-दशांश खर्चात ती उपलब्ध झाली. म्हणजे प्रयोगशाळेतून खाटेपर्यंतचा रस्ता आपल्याकडे नाही, असे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. नॅनोतंतूंनाही तो चालता यावा, त्यासाठी कोचीसारख्या कामाला मोठ्या प्राण्यांवरील आणि मग माणसांवरील चाचण्यांचे बळ मिळावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

पण त्या चाचण्यांत सहभागी होणारी माणसे कोण असतील? आमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांसारखीच. नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ यांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. ‘समजेल अशा’ या दोन शब्दांत आमच्यासारख्यांचे सारे काम आहे. संमतिपत्राचे मराठी भाषांतर करणे वेगळे आणि ते गावठाणातल्या घरात समजणे वेगळे. ‘यादृच्छिक पद्धतीने गट नेमण्यात येईल’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे. ‘कोणाला औषधाची चकती आणि कोणाला नुसती, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, आणि ते तुम्हांलाही कळणार नाही’ हे मराठी आहे. पहिले वाक्य शेजारून वाहत जाते, दुसरे पोहोचते. जवळ असणे म्हणजे पोहोचणे नव्हे, हे मेंदूच्या बाबतीत कळायला एर्लिशचा रंग लागला. भाषेच्या बाबतीत आम्हांला एक कात्रण लागले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्याही महाविद्यालयात पेढे वाटले गेले. त्या दर्जाने शिलालेखांचा अभ्यास व्हावा, हस्तलिखिते जपली जावीत. आमचा त्यास मनःपूर्वक पाठिंबा आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत आणण्याचे काम करीत आहे, तेही आम्ही जाणतो. परंतु मराठीच्या विभागांनी हे काम विज्ञानवाल्यांचे म्हणून सोडून दिले आहे, आणि त्या विभागांत आम्हीही आलो. आम्ही कवितेतील अनेकार्थता शिकवली. ‘सरासरी’, ‘शक्यता’, ‘मध्यक’, ‘उंदरांत’ या शब्दांचे नेमके वजन शिकवले नाही. या वर्षापासून उपयोजित मराठीच्या तासाला आम्ही वृत्तपत्रातील एक वैद्यकीय बातमी आणि एक संमतिपत्र विद्यार्थ्यांकडून पुन्हा लिहून घेतो. अट एकच : लिहिलेले घरच्या, न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवायचे आणि त्याला काय कळले ते त्याच्याच शब्दांत लिहून आणायचे.

ती मुलगी आता तृतीय वर्षाला आहे. पहिल्या तासाला तिने तेच कात्रण निवडले. तिने केलेले नवे शीर्षक असे होते : ‘मेंदूच्या गाठीवर महिनाभर औषध देणारे तंतू, उंदरांत उपयोग दिसला, माणसांत तपासणे बाकी’. एकाने विचारले, “इतकं लांबलचक शीर्षक कोण छापेल?” ती म्हणाली, “छापू नका. पण हे वाचलं असतं, तर आम्ही त्या रविवारी प्रवासाची तिकिटं शोधत बसलो नसतो. बाबांजवळ बसलो असतो.”